चारी बाजूंनी पाणी आणि एक रिकामी घागर

अंदमानला जायचं नानांनी ठरवलं होतं. नाना म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे, अक्काचे यजमान. चोपड्याजवळ त्यांची केळीची बाग आहे. गेली दहा-बारा वर्षं ते दर उन्हाळ्यात मला विचारायचे, "बापू, ज्या जमिनीच्या चारी बाजूंना पाणी आहे, तिथल्या माणसाला पाण्याची काळजी राहत असेल का?" आणि दर वर्षी जायचं राहून जायचं. घड कापायला आलेले असत, व्यापाऱ्याची गाडी आज येते उद्या येते असं चाललेलं असे, नाहीतर बोअरचं पाणी आणखी खाली गेलेलं असे.

मागच्या दिवाळीत त्यांनी कॅलेंडरच्या जुन्या पानामागे यादीच करून आणली. बोट दोन तास. टोप्या तीन. कैरीचं लोणचं. अक्काची गुडघ्याची पट्टी. मी त्याच दिवशी तिघांची विमानाची तिकिटं काढली. उन्हाळ्याची तिकिटं तेव्हा स्वस्त होती, आणि माझ्या रजेचं गणित एप्रिलअखेरीस जमत होतं. पंचांग पाहायचं कुणालाच सुचलं नाही. सहलीच्या मधोमध आखाजी येत होती.

खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे तो दिवाळीच्या तोलाचा सण. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात. पण सकाळचा मान पितरांचा. कुंभाराकडून आणलेली नवी घागर घरच्या पाण्याने भरायची, तिच्यावर डांगर म्हणजे खरबूज ठेवायचं, शेजारी आंबे आणि सांजोऱ्या, गोवरीच्या निखाऱ्यावर नैवेद्याचा घास, आणि गेलेल्या माणसाचं नाव घेऊन त्याला पाणी द्यायचं. वर्षभरात कुणी गेलं असेल तर ती त्याची पहिली घागर. तोवर ते माणूस तहानलेलं राहतं, असं आमच्या बायका मानतात.

चूक लक्षात आली तेव्हा नाना हसले होते. "वडिलांची घागर अशोक भरेल," म्हणाले. अशोकभाऊ त्यांचा धाकटा भाऊ, शेजारीच राहतो. विषय तिथे संपला होता. पौषात नाना गेले. दुपारी बागेतून आले, बाजेवर आडवे झाले, उठले नाहीत. आता पहिली घागर त्यांचीच भरायची होती.

मी तिन्ही तिकिटं रद्द करायला निघालो होतो. अक्का म्हणाली, एकच कर. ते ऐकून अशोकभाऊ ओट्यावरून उठला आणि आमच्या खानदेशी बोलीत आधी माझ्यावर घसरला.

"बापू, पेपरमा रोज पंचांग छापतस तुम्ही. तिकीट काढाना येळे ते कोठे व्हतं?"

मी वर्तमानपत्रात नोकरीला आहे. आखाजीची पुरवणी मीच दर वर्षी काढतो.

मग तो अक्काकडे वळला. "वैनी, पहिली घागर शे. लोके काय म्हनतीन?"

"तारीख त्यासनी काढेल शे, मी नही," अक्का म्हणाली. "तुम्ही आठे भरा. मी तठे भरसू."

"एक मानूसले दोन घागरी?"

"जनमभर बोअरकडे देखत बसनात. पिऊ द्या दोन."

 आम्ही निघालो तेव्हा अशोकभाऊ निरोप द्यायलाही आला नाही. अक्काने त्याच्या बंद दाराकडे पाहिलं आणि एसटीत चढली. तिच्या मांडीवर, जुन्या नऊवारीच्या तुकड्यात गुंडाळलेली लहानशी कोरी घागर होती.

आता प्रवासाचं. जळगावहून हावड्याला थेट गाडी मिळते. एक पूर्ण दिवस आणि वर थोडे तास लागतात. उन्हाळ्यात वातानुकूलित डब्याचं आरक्षण फार आधी करा. जेवण आम्ही घरचंच नेलं होतं: कळण्याची म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, आणि यादीत होतं म्हणून लोणचं. हावड्याला आम्ही एक मुक्काम केला आणि पहाटेच्या विमानाने सव्वादोन तासांत पोर्ट ब्लेअरला उतरलो. कोलकात्याच्या विमानतळावर तपासणीच्या बाईंनी घागर उलटी करून पाहिली.

"इसमें क्या है?"

"कुछ नहीं," अक्का म्हणाली. "खाली है. वहाँ जाके भरना है."

बाईंनी ती दोन्ही हातांनी परत दिली.

पोर्ट ब्लेअरला काळ्या पाण्याचा तुरुंग पाहिला. त्या कोठड्यांपुढे कुणीच मोठ्याने बोलत नाही. दुसऱ्या सकाळी हॅवलॉक बेटाची बोट धरली. बोटीची तिकिटं घरूनच काढून ठेवा आणि ओळखपत्र हाताशी ठेवा, ते सारखं मागतात. पोटात डचमळत असेल तर मधल्या बाकांवर बसा. अक्का मात्र खिडकीशी बसली. धक्क्याशी हिरवं असलेलं पाणी थोड्या वेळाने निळं झालं, मग काळसर निळं. 

"इतलं पानी, बापू," अक्का म्हणाली. "नी पेवाले चूळभर नही."

आम्ही एका बंगाली कुटुंबाच्या घरी उतरलो. मागच्या अंगणात दोन खोल्या बांधून ते पाहुणे ठेवतात. भाडं दिवसाला दीड हजार, जेवण वेगळं. घर चालवणाऱ्या मिनतीदी पन्नाशीच्या. त्यांचे आजी-आजोबा फाळणीनंतर पूर्व बंगालमधून येऊन या बेटावर वसले. मासे खाणाऱ्यांनी इथे जेवणाची चिंता करू नये. आम्ही न खाणारे, तर आमच्यासाठी डाळ, भात आणि कच्च्या केळीची भाजी. ती खाताना अक्का प्रथमच हसली. "आपन याना घड धाडतस, ह्या लोके भाजी करतस."

संध्याकाळी राधानगरच्या किनाऱ्यावर गेलो. वाळू पिठासारखी मऊ, मागे उंच झाडांची भिंत. अक्काने पायांवर लाटा घेतल्या. नानांची टोपी तिने पिशवीतून आणली होती, पण बाहेर काढली नाही. इथे सूर्य साडेपाचलाच बुडतो. परतलो तेव्हा तिला दुसऱ्या दिवसाची घाई होती. दुसऱ्या दिवशी आखाजी.

डांगर मिळालं नव्हतं, म्हणून बाजारातून शहाळं आणलं. आंबे मिळाले. सांजोऱ्या घरच्या होत्या. अक्काने घागर धुवायला नळ उघडला आणि नळातून नुसती हवा आली.

मिनतीदी स्वयंपाकघरातून धावत आल्या. "दीदी, पानी आज नहीं. कल शाम को आएगा."

"कल?"

"गर्मी में एक दिन छोड़ के आता है. बारिश तक ऐसा ही." ओळीने मांडलेल्या निळ्या पिंपांकडे त्यांनी बोट दाखवलं. आंघोळीचं, भांड्यांचं, आणि कोपऱ्यात फडक्याने झाकलेला पिण्याचा एक हंडा.

अक्का नळाकडे पाहत उभी राहिली. पावलापावलावर समुद्र, आणि नानांच्या घागरीला पाणी नाही. दुकानातून बाटल्या आणतो, असं मी म्हटलं.

"त्यासले बाटलीनं पानी पाजू? पहिली घागर शे, बापू. घरचं पानी लागस."

ती घागर घेऊन खोलीत गेली. तिथे ती रडली असावी. मी बाहेरच थांबलो. मिनतीदींनी मला विचारलं, मी मोडक्या हिंदीत सगळं सांगितलं: नाना, बोअर, तिकिटं, घरच्या पाण्याची पहिली घागर, अशोकभाऊचं बंद दार. त्यांनी ऐकून घेतलं आणि त्या आत गेल्या.

सकाळी पाचला इथे लख्ख उजाडतं. अंगणात आलो तर अक्काने मांडलेल्या पाटाजवळ तो पिण्याचा हंडा ठेवलेला. मिनतीदी न्हाऊन उभ्या होत्या. "ये तो घर का है. ले लो."

"आणि तुम्ही काय पिणार?" अक्काने मराठीतच विचारलं.

त्यांना कळलं. "एक दिन पड़ोस से पी लेंगे." मग जरा अडखळल्या. "दीदी, मेरी माँ भी इसी साल गई. हमारे में ऐसा नहीं करते. पर उसके नाम से भी थोड़ा डाल दोगी?"

अक्काने नाव विचारलं. मग घागर भरली, वर शहाळं ठेवलं, गोवरी नव्हती म्हणून करवंटीच्या निखाऱ्यावर सांजोरीचा घास ठेवला. पाणी सोडताना नानांचं नाव तिने मोठ्याने घेतलं. एरवी ती ते कधीच घेत नसे. त्यामागून दुसरं नाव. मिनतीदींनी पदर डोक्यावर ओढला.

"चोपड्याला अजून अंधार असेल," मी म्हणालो.

"मंग आपली घागर आधी पोचनी," अक्का म्हणाली. "अशोकभाऊले सांगू नको."

घागरीतलं पाणी तिने घरामागच्या केळीच्या बेटाला घातलं. तिथे तिचं लक्ष गेलं की बुंध्याशी फुटलेली पिलं कुणी काढलीच नाहीत, भोवती दाटी झालेली. तिने विळा मागून घेतला आणि तासभर बसून जोमदार तेवढं एकेक पिल्लू ठेवून बाकीची उतरवली. मिनतीदी शेजारी बसून शिकत होत्या. हॅवलॉकमधलं प्रेक्षणीय स्थळ म्हणून मला विचाराल तर मी हे अंगण सांगेन. निघताना घागर अक्काने तिथेच ठेवली. कोऱ्या मातीत पाणी गार राहतं, म्हणाली.

आठव्या दिवशी चोपड्याला पोचलो. मी टिपा लिहून आणल्या होत्या: ऊन फार, मेआधी जा, गुडघे दुखत असतील तर बोटीच्या फळीवर हात धरायला माणूस ठेवा, आणि आमच्या भागातले असाल तर आधी पंचांग पाहा. पण घरी कुणी ते विचारलं नाही. अशोकभाऊ ओट्यावर बसला होता. भिंतीशी दोन घागरी होत्या, एक वडिलांची, एक नानांची. नानांच्या घागरीवरचं डांगर सुकत आलं होतं.

"पानी देखं का मग चारीबाजू?" त्याने अक्काकडे न पाहता विचारलं.

"देखं. तठे बी दिनआड येस."

आता त्याने वर पाहिलं. "मंग घागर?"

अक्काने सगळं सांगितलं. झाकलेला हंडा, शेजारच्या घरून पाणी प्यायलेली मिनतीदी, तिची आई. अशोकभाऊ बराच वेळ अंगठ्याने ओट्याची माती उकरत राहिला. मग त्याने विचारलं, "तिना मायनं नाव काय?"

"पारुल."

"पारुल," त्याने एकदा म्हणून पाहिलं. "येती आखाजीले एक घागर जास्ती लावनी पडी." आणि अक्काची पिशवी उचलून तो घरात गेला.