तारखेची रिकामी जागा

भिंत रंगवणाऱ्याचं तोंड भिंतीकडे आणि पाठ गावाकडे असते. माणसं तोंडावर जपून बोलतात, पाठीमागे मोकळी होतात. दिलीप आणि मी कर्जत-खालापूर भागात इतकी वर्षं भिंती रंगवतोय, की रंग संपतो पण किस्से संपत नाहीत. मी शाळेत ड्रॉइंग शिकवायचो, त्यामुळे चित्रं माझी. अक्षरं दिलीपची. फ्लेक्स आल्यावर दुकानांच्या पाट्या गेल्या आणि तो घरी बसला, तेव्हा सरकारी भिंतींनी त्याला तारलं. 'मतदान करा', 'ग्रामसभेला या'. तो म्हणतो, "सर, लोकशाही आहे म्हणून माझं बरं चाललंय."

*

पहिली भिंत खालापूरच्या एसटी स्टँडजवळची. शाई लावलेलं बोट काढायचं होतं. मॉडेल मीच. आरशासमोर डावा हात धरला आणि दिसला तसा उतरवला. भिंतीवर उजवा हात झाला!

दोन दिवस कोणाच्या लक्षात आलं नाही. तिसऱ्या दिवशी वडापावच्या गाडीवर वाद पेटला, शाई डाव्या बोटाला की उजव्या? म्हातारेसुद्धा आपापले हात उलटसुलट करून बघायला लागले. मी गुपचूप दुरुस्ती करायला निघालो, तर दिलीपनं शिडी धरून ठेवली. "राहू द्या सर, बोलतायत ना लोक."

मतदानाच्या दिवशी केंद्रावरच्या बाई कपाळाला हात लावून बसल्या होत्या. "प्रत्येक जण आत आल्या आल्या विचारतोय, कुठला हात? सकाळपासून मान वर करायला मिळाली नाही."

बाहेर आल्यावर दिलीप म्हणाला, "आता पुसा."

*

कर्जतच्या पुढे एका गावात पंचायत ऑफिसची भिंत मिळाली. गावाचं नाव सांगत नाही, ग्रामसेवक अजून तिथंच आहेत. पंचायतीची निवडणूक लागली होती. मी एक बाई काढली, चहा पिता पिता विचार करणारी. तासाभरात एक उमेदवार आला. "कपबशी आमच्या विरोधकाची निशाणी हाय. पुसा."

कपबशीचा ग्लास केला. दुसरा आला, ग्लास त्याच्या विरोधकाचा. बाईच्या हातात नारळ दिला, तर तिसरा हजर. शेवटी वैतागून तिला ओंजळीनं पाणी पाजलं. ओंजळ कोणाचीच निशाणी नव्हती.

संध्याकाळी डोंगरावरच्या ठाकूरवाडीतली चांगुणाबाई मोळी खाली टेकवून चित्रापुढे उभी राहिली. "ही आमच्या वाडीतली दिसते."

"कशावरून?"

"ओंजळीनं पितेय. नळ नाय तिच्याकडं."

वाडीतल्या बायका ओढ्यात खणलेल्या खड्ड्यातून पाणी भरायच्या. नळाचा विषय दर वेळी पुढच्या ग्रामसभेत येणार असायचा, आणि सभा होती हे वाडीला सभा झाल्यावर कळायचं. मला माझंच चित्र बघवेना. मी ते नुसतं वैतागून काढलं होतं.

*

पळसदरीला मतदारांची रांग काढली. धरणावर येणारे पाहुणे त्या रांगेत उभे राहून सेल्फी काढायचे. गावातल्या बायकांनी मात्र साडीवरून स्वतःला शोधून काढलं. एक जण कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "ही मी. पन माज्या म्होरं माजी जाऊ कशी?"

"ताई, चित्र आहे ते."

"म्हाईत हाय. पन घरातबी तीच म्होरं आन् भिंतीवरबी तीच?"

मतदानाच्या दिवशी केंद्र उघडलं तेव्हा ही दारात बसलेली, जेवणाचा डबा घेऊन. जाऊबाई पोचल्या तोवर हिच्या बोटावरची शाई वाळली होती.

*

माथेरानला गाडी जात नाही, रंगाचे डबे घोड्यावरून न्यावे लागले. एका हॉटेलच्या भिंतीवर दिलीपनं 'मतदान करा' लिहिलं. तिथला वाढपी वाचून हसला. "दादा, आमाला काय सांगता? आमचं मत खाली गावात, आन् रजा मॅनेजरच्या खिशात."

उरलेल्या रंगात दिलीपनं मॅनेजरच्या खिडकीसमोरच्या भिंतीवर एक ओळ लिहिली, 'मतदानाला सुट्टी दिलीत का?'

मॅनेजर रोज त्या खिडकीत चहा प्यायचा. चौथ्या दिवशी त्यानं सगळ्यांना सुट्टी जाहीर केली. म्हणाला, "आता तरी मला चहा सुखानं पिऊ दे."

*

मग पुन्हा ते पंचायतीचं गाव. निवडणूक होऊन गेली होती. ओंजळवाल्या बाईशेजारी सभेचं चित्र काढून 'ग्रामसभेला या' लिहायचं होतं. तारीख दर वेळी बदलते, म्हणून आमची पद्धत अशी, की खाली फळ्यासारखी काळी चौकट सोडायची. पंचायतीनं ती खडूनं भरायची. भरत कोणीच नाही, ते सोडा.

चांगुणाबाई आली. "भाऊ, ही जागा रिकामी कशापायी?"

"सभेचा वार लिहायला."

"कोन लिवतं?"

मी शिडीवर, अर्ध्या चित्रात. घाईघाईत म्हणालो, "ज्याला सभा घ्यायची असेल तो."

"बरं," म्हणून ती गेली.

मंगळवारी रंगाचा दुसरा हात मारायला गेलो, तर पंचायतीपुढे पाय ठेवायला जागा नाही. अख्खी ठाकूरवाडी खाली उतरलेली. चौकटीत वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं होतं, 'वार मंगळवार. वेळ भाकरी खाऊन.' अक्षर चांगुणाबाईच्या चौथी शिकलेल्या सुनेचं.

सरपंचबाईंना वाटलं ग्रामसेवकांनी लिहिलं, ग्रामसेवकांना वाटलं सरपंचबाईंनी. त्यामुळे दोघंही वेळेवर आले. नळाचा विषय पहिलाच निघाला, भराभर हात वर झाले, ठराव लिहिला गेला. सही करता करता ग्रामसेवकांचं पेन थांबलं. "पण ही सभा बोलावली कोणी?"

चांगुणाबाई उभी राहिली. "आमीच की. भिंतीवर जागा ठेवली हुती ना."

दिलीप उगाच डब्यातला रंग ढवळत बसला. मग सरपंचबाईंनी वही ग्रामसेवकांपुढे सरकवली. "भाऊसाहेब, सही करा."

यंदा त्याच भिंतीला नवा रंग द्यायला गेलो. चांगुणाबाई तांब्या घेऊन आली. "प्या. नळाचं हाय."

पाणी पिताना माझे डोळे भरून आले. दिलीपला दिसू नये म्हणून मी भिंतीकडे तोंड केलं. ती माझ्या पाठीमागे उभी राहून चौकटीकडे बघत होती.

"भाऊ, यंदा जागा जरा मोठी ठेवा."

"का गं बाई?"

"रस्त्याचा इषय हाय."