रिकामी झारी

कल्पना करा, हातात झारी आहे, समोर भर उन्हात कोरफड आणि जाड पानांच्या सक्युलंटच्या चाळीस कुंड्या आहेत, आणि पाणी मात्र घालायचं नाही. पाणीकाकांना हे जमेना. तीस वर्षं व्हॉल्व्ह फिरवून त्यांनी गावाला पाणी सोडलं होतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी लाडानं पाणी पाजून दोन खेपांची झाडं कुजवली.

"अहो, ती तुमच्यावाचून पंधरा दिवस जगतात!" बायको करवादली.

नेमकं तेच त्यांना झोंबलं. मग त्यांनी तोडगा काढला. रोज सकाळी रिकामी झारी घ्यायची आणि घड्याळ लावून प्रत्येक कुंडीवर दहा सेकंद धरायची. झाडं तरारली.

लेकीकडे चार दिवस जाताना त्यांनी झारी बायकोकडे सोपवली.

"रिकामी फिरवू? लोक मला वेड्यात काढतील."

"तू फक्त धर गं."

परत आले तर एकोणचाळीस कुंड्या टवटवीत, कुंपणाजवळची कोरफड तेवढी चिपाड झालेली.

"तिथं शेजारीण रोज बघत उभी असायची," बायको ओशाळून म्हणाली. "म्हणून तेवढ्या एकीवर झारी धरायची राहिली."

काका कुंडीपाशी उकिडवे बसले.

"ते ठीक आहे गं. पण या कोरफडीला कसं कळलं?"