छत्रीवरचा रेडिओ

रेडिओ ऐकणाऱ्याचे कान गुंतलेले असतात, तोंड मोकळं असतं. त्यामुळे आमच्या जानेफळच्या श्रोता मंडळात गाण्यांपेक्षा किस्सेच जास्त साचलेत. मंडळी सगळी ट्रान्झिस्टरवाली, आणि मी गावात डिशच्या छत्र्या बसवणारा. म्हणजे मंडळात फितूर मी एकटाच.

*

मंडळाचे अध्यक्ष दादाराव काका, एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर. यंदा त्यांच्या विमलकाकूंना लकवा मारला. चालणं सुधारलं, हात सुधारला, पण बोलणं गेलं ते गेलंच. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, "त्यांच्याशी बोलत राहा, गाणी ऐकवा. वाचा परत येऊ शकते."

काकांच्या ट्रान्झिस्टरवर गाणं कमी आणि खरखर जास्त. म्हणून मीच त्यांच्या घरी छत्री बसवली आणि टीव्हीवर सॅटेलाइटचा रेडिओ लावून दिला. आवाज इतका साफ, की गाणाऱ्या बाईनं घेतलेला श्वासही ऐकू यावा!

काकांनी दोन गाणी ऐकली. मग म्हणाले, "खरखर कुठी गेली बे?"

"सॅटेलाइटवरून येते काका, त्याच्यात खरखर नाई राहात."

"मंग हा रेडिओ आहे हे समजावं कसं?"

*

टीव्हीवर रेडिओ लावला की पडद्यावर फक्त स्टेशनचं नाव दिसतं. शेजारचा सुखदेव आला आणि खुर्ची ओढून त्या नावाकडे बघत बसला. चार गाणी झाली, चहा झाला. शेवटी त्याला राहवेना. "काऊन काका, हे पाटीच दिसून राह्यली कवाची. पिक्चर कधी लागते?"

काकू पदर तोंडाला लावून हसल्या. आवाज मात्र फुटला नाही.

*

याच सुखदेवनं मग मला डिवचलं. "तुही छत्री वावरात आणून दाखव. माहा ट्रान्झिस्टर तं निंबाले टांगला की झालं."

मीही पेटलो. डिश, बॉक्स, बॅटरी, स्पीकर, सगळं मोटरसायकलवर बांधून वावरात नेलं. गाणं लागलं. सोयाबीन सोंगणाऱ्या बाया खरंच खूश झाल्या. तेवढ्यात एक वानर आलं आणि छत्रीवर ठाण मांडून बसलं. माझा सिग्नल गेला. निंबावरून मात्र खरखरत का होईना, चिखलीचे बाजारभाव चालूच होते.

*

घरी काकूंचं ऐकणं रोज चालू होतं. काका सकाळी उठल्याबरोबर त्यांना हाक मारून बघायचे. काकू नुसत्या बघायच्या. माझा जीव तुटायचा, पण काका म्हणायचे, "बोलन रे ते. आजवर कधी गप्प बसली का?"

परवा संध्याकाळी लाइट गेली आणि डिश बंद पडली. काकांनी कपाटावरचा ट्रान्झिस्टर काढून लावला. फर्माईशीचा कार्यक्रम चालू होता. आमच्या मंडळाची फर्माईश तिथे दर आठवड्याला जाते, सगळ्यांची नावं जोडीनं. सॅटेलाइटवाले गाणं झकास ऐकवतात, पण जानेफळचं नाव काही घेत नाहीत, हे मलाही मान्य आहे.

निवेदिका वाचू लागली, "जानेफळहून सुखदेव आणि मंदा, दादाराव..." आणि पुढचं नाव न घेताच गाणं सुरू झालं.

काकांचा चेहरा उतरला. ते ट्रान्झिस्टर बंद करायला उठले. तेवढ्यात मागून, खाटेवरून आवाज आला.

"आन्... माहं नाव?"