आठ रिव्हेटांची पट्टी

लक्ष्मीकांतराव मुजुमदारांना चहाला बोलावायचं असलं, की फतेगंजातल्या त्या सोसायटीतले लोक आधी आपलं भिंतीवरचं घड्याळ बरोबर लावून घेत. घड्याळ दोन मिनिटं पुढे दिसलं, तर चहा गार झाला तरी चालेल, पण लक्ष्मीकांतराव स्टुलावर चढणारच. नंदेसरीच्या एका रसायनांच्या कारखान्यात तीस वर्षं त्यांनी प्रेशर गेज तपासले होते. त्याआधीच्या तीन पिढ्या संस्थानच्या दफ्तरात गेलेल्या. कागदावर नाही ते झालंच नाही, हे घराण्याचं बाळकडू. निवृत्त झाल्यावर ही सगळी शिस्त त्यांनी विमानांवर काढली.

विमानं म्हणजे प्लॅस्टिकची. खोक्यात सुटे भाग येतात, ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे, की लढाऊ विमानाची वीतभर प्रतिकृती तयार होते. दुसरे लोक किट जोडतात. लक्ष्मीकांतराव किट दुरुस्त करत. किट बनवणाऱ्याने कुठे अर्ध्या मिलिमीटरची चूक केली आहे, हे ते खरं विमान बनवणाऱ्या कंपनीच्या ड्रॉइंगवरून शोधत आणि ती सापडली की दिवसभर खुशीत असत. "लोकांना गुलाबजाम सापडल्यावर होतो तेवढा आनंद ह्यांना चूक सापडल्यावर होतो," असं मोहनावहिनी, म्हणजे त्यांची बायको, म्हणत. त्यात खोटं काही नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या शर्वरीने आपल्या वडिलांना डभोईहून आणलं. उदयसिंहराव पागेदार, वय चौऱ्याऐंशी, तरुणपणी हवाई दलात विमानांच्या देखभालीला. पायलट नव्हे, मेकॅनिक. डभोईच्या घरात एकटे राहत. दोनदा गॅस चालू राहिला, एकदा ओळखीच्या गल्लीत वाट चुकले, म्हणून शर्वरी घेऊन आली. "थोडे दिवस" असं ती म्हणाली, पण ते किती दिवस हे कुणी बोलत नव्हतं. म्हाताऱ्याला घरी परत जायचं होतं. घराची किल्ली ते सदऱ्याच्या खिशात घेऊन फिरत.

लक्ष्मीकांतरावांचं काचेचं कपाट बघून ते दारातच थांबले. "आमचं मिग नाही तुमच्याकडे," म्हणाले. "सतरा नंबर. पाच वर्षं सांभाळलंय मी ते."

झालं. किट मागवलं गेलं. रोज अकराला उदयसिंहराव खाली येत, टेबलाशेजारच्या खुर्चीत बसत. किटमध्ये विमानाची पाठ जास्त जाड होती, चाकं बारीक होती, नाकाचं कडं चुकलेलं होतं. लक्ष्मीकांतराव घासत, पुट्टी भरत, पुन्हा घासत, आणि म्हातारा कौतुकाने बघत राही. आज वार कोणता हे त्यांना आठवत नसे, पण कोणता स्क्रू कुठल्या पान्याने फिरायचा ते घडाघडा सांगत. त्या दोन तासांत त्यांना कुणी दुरुस्त करत नसे. वर घरात दिवसभर तेच चालायचं. आबा, आज मंगळवार नाही. आबा, तो शेजारी केव्हाच गेला. आबा, तुम्ही जेवलात.

विमानाला चंदेरी रंग चढला, तांबडा सतरा नंबर लागला, आणि उदयसिंहरावांनी बोट ठेवलं. "इथं एक पट्टी पाहिजे. डाव्या अंगाला, कॉकपिटच्या मागं. माझ्या हातून शिडी निसटली, पत्रा फाटला. साहेबानं सगळ्यांसमोर झापलं मला. मग मीच पट्टी मारली. आठ रिव्हेटं ठोकली. सातवं जरा वाकडं बसलं."

लक्ष्मीकांतरावांनी ड्रॉइंग काढलं, भिंग लावलं. डाव्या अंगाला काही नव्हतं. आता, दुरुस्तीची पट्टी कंपनीच्या ड्रॉइंगमध्ये कशी असेल, हे शेंबड्या पोरालाही कळेल. ज्याने तीस वर्षं गेजच्या काट्यांना खोटं ठरवलं, त्याला तर कळायलाच हवं होतं. पण कागद दिसला की मुजुमदारांच्या डोळ्यांवर झापडं येतात. त्यात शर्वरी वडिलांना जेवायला बोलवायला नेमकी त्याच वेळी दारात आली.

"काका, तुमचा दुसऱ्या कुठल्या विमानाशी घोळ होतोय," लक्ष्मीकांतराव म्हणाले. "इथं पट्टी नव्हती."

उदयसिंहरावांनी आधी ड्रॉइंगकडे पाहिलं, मग मुलीकडे. शर्वरीने मान खाली घातली. "असेल," ते म्हणाले. "मला नसेल आठवत."

दुसऱ्या दिवसापासून ते अकराला येईनासे झाले. विमान पूर्ण करून लक्ष्मीकांतरावांनी वर नेऊन दिलं, त्यांनी आभार मानले आणि ते टीव्हीशेजारी ठेवलं. शर्वरीने स्मृतिभ्रंशाच्या डॉक्टरांची सोमवारी पाचची वेळ घेतली. ते काय म्हणतात त्यावर डभोईचं घर ठेवायचं की बंद करायचं, हे ठरणार होतं.

शनिवारी सकाळी लक्ष्मीकांतरावांच्या मोबाइलवर एक फोटो आला. विमानाची छायाचित्रं त्यांनी छंदिष्टांच्या ग्रुपवर टाकली होती, ती पाहून पुण्याच्या देवश्री नावाच्या बाईंनी आपल्या कैलासवासी वडिलांच्या अल्बममधला एक फोटो पाठवला होता. मिगपुढे उभी असलेली सहा माणसं. नंबर सतरा. कॉकपिटच्या मागे डाव्या अंगाला तळहाताएवढी पट्टी, आणि तिच्यावर हात ठेवून उभा असलेला, मिशी नुकती फुटलेला उदयसिंह पागेदार. लक्ष्मीकांतरावांनी फोटो मोठा केला. बोटांच्या आजूबाजूला रिव्हेटं दिसत होती.

मोहनावहिनींनी फोटो पाहिला आणि चपला पुढे सरकवल्या. "अहो, आत्ताच्या आत्ता वर जा. दाखवा त्यांना."

"विमान चुकीचं दिलंय मी. आधी ते बरोबर करतो, मग दोन्ही एकदम दाखवतो."

"विमान गेलं खड्ड्यात! तो माणूस चार दिवस धड जेवला नाहीये, शर्वरी सांगत होती."

"अर्धवट काम मी कधी दाखवलंय?"

कपाळावर हात मारून वहिनी आत गेल्या.

लक्ष्मीकांतराव वर गेले खरे. उदयसिंहराव एकटेच खिडकीशी बसले होते. मोबाइल खिशात होता, हात घातला असता की झालं असतं. "काका, विमान जरा खाली नेतो. थोडं काम राहिलंय," ते म्हणाले.

म्हातारा घाबराघुबरा होऊन उठला. "का हो? परत काही चुकलं का माझं?"

"नाही, नाही. माझंच."

एवढंच बोलून ते विमान घेऊन उतरले. जिन्यात त्यांना स्वतःची लाज वाटली, पण पाय मागे वळले नाहीत.

पट्टी ह्या मापात तीन मिलिमीटरची. औषधाच्या पाकिटाची चंदेरी पन्नी त्यांनी ब्लेडने कापली आणि भिंगाखाली सुईने आठ टिंबं उठवायला घेतली. पहिल्या सहा पन्न्या फाटल्या. एकीवर सात टिंबं नीट उमटली आणि आठव्याला सुई आरपार गेली. शनिवार त्यातच संपला. रविवारी पट्टी बसवायची तर नंबराचा स्टिकर थोडा सरकवायला हवा होता, आणि दुसरा स्टिकर नव्हता. ओल्या फडक्याने तो भिजवला, श्वास रोखून ब्रशने ढकलला, आणि सातचा आकडा मधोमध चिरला. लक्ष्मीकांतराव खुर्चीतून उठले, बाल्कनीत गेले, परत आले. मग सगळ्यात बारीक ब्रशने तो सात त्यांनी हाताने रंगवला, तीनदा पुसून चौथ्यांदा. वहिनींनी दोनदा सांगितलं, निदान फोन तरी करा. "उद्या," ते म्हणाले.

सोमवारी तीन वाजता काम पुरं झालं. सातवं रिव्हेट वाकडं होतं, जसं हवं तसं. इतकं बरोबर काम त्यांनी जन्मात केलं नव्हतं. विमान एका हातात आणि मोबाइल दुसऱ्या हातात धरून ते साठीच्या पायांनी दोन-दोन पायऱ्या चढले.

दार शर्वरीने उघडलं. तिचे डोळे सुजले होते. "दादा, काल संध्याकाळी आबांनी स्वतःहून किल्ली दिली मला," ती म्हणाली. "म्हणाले, घर बंद कर, माझा मलाच भरवसा नाही. मी काही बोललेच नव्हते हो."

उदयसिंहराव डॉक्टरकडे जायला इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. लक्ष्मीकांतराव त्यांच्यापुढे जमिनीवरच बसले. "काका, माझं चुकलं. तुमचं बरोबर होतं. पट्टी होती. ही बघा. आठ रिव्हेटं, सातवं वाकडं."

म्हाताऱ्याने विमान हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, अंगठ्याने पट्टी चाचपली. "सुरेख केलीय," ते म्हणाले. "पण नव्हती हो. तुम्हीच ड्रॉइंगमध्ये दाखवलंत ना?"

"ड्रॉइंग गेलं चुलीत! हा फोटो बघा. हे तुम्ही. हा तुमचा हात, पट्टीवर."

शर्वरीने वाकून फोटो पाहिला आणि तोंडाला पदर लावला. उदयसिंहरावांनीही पुष्कळ वेळ पाहिला. "मीच आहे," ते हळूच म्हणाले. "पण फोटो काढताना माणूस हात कुठंतरी ठेवतोच की." आणि विमान जपून परत दिलं, दुसऱ्याची वस्तू द्यावी तसं.

"दादा, तुम्ही चला आमच्याबरोबर," शर्वरी म्हणाली. "डॉक्टरांना हे सगळं तुम्ही सांगा." रिक्षा डॉक्टरांकडे निघाली. शनिवारी खिशात हात घातला असता तर, एवढं एकच लक्ष्मीकांतरावांच्या डोक्यात घुमत होतं.

डॉक्टर तरुण होत्या, प्रेमळ होत्या. त्यांनी वार विचारला, महिना विचारला. वार चुकला, महिना बरोबर आला. मग वही बाजूला ठेवून त्या उदयसिंहरावांना गुजरातीत म्हणाल्या, "दादा, तमे नोकरीमां शुं करता हता? निरांते कहो."

नोकरीत काय करायचात, निवांत सांगा. ज्या प्रश्नाला हा माणूस तास-तास बोलायचा, तोच प्रश्न. शर्वरीने आशेने वडिलांकडे पाहिलं. उदयसिंहराव मान वळवून लक्ष्मीकांतरावांकडे बघायला लागले.

"लक्ष्मीकांतराव, तुम्हीच सांगा त्यांना," ते म्हणाले. "मी सांगेन ते चुकायचं."