नॉर्वेची पुस्तिका आणि म्हात्रे टीचरांची बांधाची वही

पेणच्या आमच्या कॉन्व्हेंट शाळेत मधल्या सुट्टीला शिक्षिकांच्या खोलीत स्टोव्हवर चहाचं पातेलं चढलेलं असे. मी आठवीत असताना एका दुपारी म्हात्रे टीचरांनी मला तिथे बोलावून घेतलं. पातेल्याच्या वाफेवर एक जाडजूड पाकीट धरून त्या उभ्या होत्या. पाकिटावरच्या परदेशी तिकिटाचा गोंद सुटायची वाट बघत होत्या.

"टीचर, हे तिकीट मला?" न राहवून मी इंग्रजीत विचारलं.

"आधी आतली पुस्तिका उतरवून दे. तुझं अक्षर चांगलं आहे. तिकीट काही पळून जात नाही." मग मदर सुपीरियर आसपास नाहीत हे दाराकडे बघून पक्कं केलं आणि हळूच मराठीत म्हणाल्या, "हात काढ गो, वाफ लागंल."

शाळेच्या आवारात मराठी बोलायची बंदी होती. ही बंदी मोडून माझ्याशी बोललेल्या त्या पहिल्या शिक्षिका. यमुना म्हात्रे टीचरांची आणि माझी ओळख ही अशी झाली.

टीचरांनी यंदा पंचाहत्तरी पूर्ण केली. या गौरवग्रंथाच्या संपादकांनी माझ्याकडे लेख मागितला आणि "गोड आठवणी लिहा, कटू काही नको" असंही सुचवलं. मी टीचरांना विचारलं. त्या म्हणाल्या, "झालं ते लिही. नसेल लिहायचं तर माझ्यावर लिहू नको." तेव्हा हा लेख आहे तसा छापावा, ही नम्र विनंती. सत्कार समितीने टीचरांकडे त्यांची एक वही मागितली आहे. ती कुणाला द्यायची, याचं उत्तरही त्यांनी याच लेखातून द्यायला मला सांगितलं आहे.

वहीची गोष्ट त्या पाकिटापासून सुरू होते. टीचरांनी आमच्या वर्गाची पत्रमैत्री नॉर्वेच्या किनाऱ्यावरच्या एका शाळेशी जमवली होती. तिथल्या मुलांनी आपल्या पालिकेची माहिती इंग्रजीत लिहून पाठवली. पालिकेच्या नावात ओ या अक्षरावर तिरकी रेघ मारलेली होती. त्याचा उच्चार आम्हाला जमला नाही आणि मदर सुपीरियरनाही जमला नाही. आम्ही सरळ 'नॉर्वे' म्हणू लागलो. पुस्तिकेत तीन प्रकरणं होती : इतिहास, भूगोल आणि कारभार. डोंगर थेट पाण्यात उतरलेले, समुद्राचे लांब फाटे आत शिरलेले, समोर बेटं, लाकडी मांडवांवर मासे वाळत घातलेले. थंडीत कित्येक आठवडे सूर्य वर येतच नाही. सगळ्या पालिकेची मिळून वस्ती किती, तर टीचरांच्या हिशेबाने गणपतीआधीच्या रविवारी आपल्या वडखळ नाक्यावर जमते तेवढी!

कारभाराचं प्रकरण टीचरांनी सर्वांत सावकाश शिकवलं. लोक सभासद निवडतात, सभासद आपल्यातून अध्यक्ष निवडतात, आणि बैठकीला कुणीही जाऊन बसावं. शाळा, म्हाताऱ्यांची देखभाल, पाणी, बंदराचा धक्का, सगळं पालिकेकडे. पूर्वी समुद्राच्या फाट्यापलीकडच्या लोकांना वल्हवत बैठकीला यायला सबंध दिवस जाई. म्हणून त्यांनी आपली वेगळी पालिका मागून घेतली. पुढे पूल झाला आणि दोन्ही पुन्हा एक झाल्या.

"टीचर, भांडण न होता?" मी विचारलं.

"भांडले असतीलच. पण लिहून ठेवलंय बघ."

मग ते पान आलं. त्या मुलांनी लिहिलं होतं, की जुन्या काळी तिथे रस्त्याचा एकेक तुकडा एकेका शेतकरी घराला नेमून दिलेला असे. तुकड्याच्या तोंडाशी त्या घराच्या नावाचा दगड. रस्ता खचला तर दोष कोणाचा, हे दगडच सांगे. टीचरांनी खडू खाली ठेवला. "मुलींनो, हे आमच्या गावात आहे," त्या चक्क मराठीत म्हणाल्या, आणि पुढचा तास तसाच मराठीत गेला.

धरमतर खाडीच्या काठावर त्यांचं गाव. भरतीचं खारं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून गावाने खाडीच्या बाजूला मातीचा लांब बांध घातलेला. त्याचा एकेक तुकडा एकेका घराच्या वाट्याला. दरवर्षी ठरल्या दिवशी प्रत्येक घराने आपल्या वाट्यावर चिखल चढवायचा, आणि कुठे खांड पडली, म्हणजे बांध फुटला, तर हाकेसरशी सगळ्या गावाने धावायचं. या एकत्र कामाला जोळ म्हणत. टीचर आम्हाला तिथे घेऊन गेल्या. पांढरे मोजे घातलेल्या आम्ही बावीसजणी बांधावर रांगेत उभ्या, आणि टीचरांच्या आई कमरेवर हात ठेवून आमच्याकडे बघताहेत.

"यमुने, या मेमसाबी चिखलात उतरतील काय गो?"

"उतरतील, आये."

"मंग मोजे काढा गो पोरींनो. घरी जाऊन आयशीच्या शिव्या खाशाल."

आम्ही उतरलो. टीचरांच्या वडिलांनी आपला वाटा कुठून कुठपर्यंत ते पावलांनी चालून दाखवलं. त्या दिवशी टीचरांनी बांधाची वही सुरू केली. प्रत्येक घराला एक पान. वाटा कुठून कुठवर, कोणत्या वर्षी कोणी माती घातली, पुढे सही किंवा अंगठा. आमच्या वर्गाने त्यावरून गावाची पुस्तिका तयार केली : इतिहास, भूगोल, कारभार. एक प्रत नॉर्वेला गेली. तिथल्या शिक्षिकेचं पत्र आलं, की पुस्तिका पालिकेच्या ग्रंथालयात ठेवली आहे आणि लोक नेऊन वाचतात. दुसरी प्रत टीचरांनी स्वतः ग्रामपंचायतीत नेऊन दिली. पुढच्या वर्षी त्या पानांच्या कोऱ्या पाठीवर कुणाची तरी हजेरी लिहिलेली सापडली.

टीचरांच्या मायेबद्दल लिहायचं तर मला माझ्या दहावीचं वर्षच आठवतं. वडील मुंबईच्या रुग्णालयात, आई त्यांच्यापाशी. टीचरांनी मला दीड महिना आपल्या गावी नेऊन ठेवलं. सकाळी त्यांच्या आई तांबड्या राता भाताची पेज वाढायच्या आणि मी आवरतं घेऊ लागले की म्हणायच्या, "इंग्लिश पोटात जागा कमी असते काय गो?" शेजारी बसून टीचर माझ्याकडून नकाशे काढून घ्यायच्या. मी पास झाले ती त्या पेजेवर. खाऱ्या जमिनीतला तो राता आज त्या गावात एकाही घरात शिजत नाही.

कारण पुढे बांध सरकारी योजनेत गेला. ठेकेदार आला, एक पावसाळा काम झालं, मग कुणी फिरकलं नाही. गावातले लोक कंपन्यांमध्ये लागले, शिफ्टा सुरू झाल्या. जोळाची हाक दिली तर उत्तर ठरलेलं : "आता सरकार हाय ना बांधाला." टीचर मात्र सुट्टीत वही घेऊन दारोदार जात राहिल्या. यंदा माती घातली का? नाय. लिहू? लिवा, टीचर. अशा 'नाही'च्या नोंदीखालीही लोक हसत सही करत.

अशाच एका पावसाळ्यात, अमावस्येच्या उधाणाला खांड पडली. खाडी शेतात शिरली. चार दिवसांनी ग्रामसभा भरली आणि नोंदी घ्यायला टीचर मला घेऊन गेल्या. मी तेव्हा नुकती लग्न होऊन रोह्याला गेले होते. टीचर वही उघडून उभ्या राहिल्या. अजून वेळ गेलेली नाही, घरटी एक माणूस द्या, पुढच्या उधाणाआधी खांड बुजेल, असं सांगून त्या घरांची नावं वाचू लागल्या.

तेव्हाचे सरपंच खुर्चीत रेलून म्हणाले, "टीचर, ही नॉर्वे नाय. आणि खांड पडली ती कोनाच्या वाट्यात? ते पन वाचा की."

सभेत हशा पिकला. टीचर थांबल्या. खांड म्हात्र्यांच्या वाट्यात पडली होती. वडील वारले होते, भाऊ कंपनीत तीन शिफ्टांत, टीचर पेणला खोली घेऊन आम्हा मुलींना जगाचा भूगोल शिकवत. गावातल्या प्रत्येक घराला त्यांनी दरवर्षी विचारलं होतं. आपल्या घराच्या पानावर वडिलांनंतर त्यांनी काहीच लिहिलं नव्हतं. 'नाही' असंसुद्धा नाही.

"तुम्ही बरोबर बोललात," त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या. दुसऱ्या दिवशी पातळ खोचून, डोक्यावर घमेलं घेऊन त्या खांडीवर गेल्या. भाऊ रजा टाकून आला. तिसरं कोणी आलं नाही. दोघांनी टाकलेली माती पुढच्या भरतीने नेली.

मीही गेले नाही. त्यानंतर टीचरांनी बांधाच्या दुरुस्तीसाठी अर्ज लिहिला आणि जुन्या विद्यार्थिनींच्या सह्या मागितल्या. मी तेव्हा रोह्याच्या एका शाळेत शिकवू लागले होते, तिथे मला कायम व्हायचं होतं आणि त्या सरपंचांचे मेहुणे आमच्या संस्थेवर होते. मी सही केली नाही. टीचर एवढंच म्हणाल्या, "बरं." त्यानंतरही दिवाळीला त्यांचं पत्र येत राहिलं, माझ्या मुलांची नावं घालून. तो अर्ज मी आजवर विसरलेले नाही.

शेतात खारफुटीची तिवरं वाढली. खारं पाणी घराच्या जोत्याला लागलं तेव्हा टीचर भावाबरोबर रोह्याजवळ वरसे इथे राहायला आल्या. माझं घर तिथून दोन गल्ल्या सोडून. गेल्या महिन्यात समितीची मंडळी त्यांच्याकडे आली, तेव्हा मी चहा करत होते.

"टीचर, वही आम्हाला द्या. गावच्या नव्या सभागृहात काचेचं कपाट केलंय. वर लाइट, खाली तुमचं नाव."

"काढून वाचता येईल?"

"काढून? मंग खराब होईल ना टीचर."

"म्हणजे नुसती बघायची."

"व्हय. लोक लांबून बघतील."

तेव्हाचे सरपंच आज समितीचे ज्येष्ठ सदस्य आहेत. बशीत चहा ओतता ओतता ते म्हणाले, "टीचरनी आपल्या गावाचं नाव पार नॉर्वेला नेलं." टीचरांनी त्यांना बिस्किटं पुढे केली. मंडळी गेल्यावर मला म्हणाल्या, "कागद घे, सांगते ते लिही."

टीचरांना खूप आयुष्य लाभो, असं गौरवलेखात म्हणतात. मला ते मनापासून म्हणायचं आहे. त्यांचे गुडघे त्यांना जिना उतरू देवोत, डोळ्यांची उरलेली नजर टिको, आणि आम्ही ज्यांनी त्यांना एकटं सोडलं, त्यांच्याकडे बघत त्या पुढची अनेक वर्षं ताठ बसोत. त्यांनी सांगितलेली वाटणी अशी :

नॉर्वेहून आलेली मूळ पुस्तिका ग्रामपंचायतीला. ती भर ग्रामसभेत द्यावी, आवक नोंदवहीत तिची नोंद करून घ्यावी, आणि कारभाराचं प्रकरण त्याच सभेत मोठ्याने वाचावं. मराठी भाषांतर मी करून ठेवलं आहे.

सत्काराची शाल टीचरांच्या भावजयीला. सकाळ-संध्याकाळ त्या टीचरांचे गुडघे शेकतात. श्रीफळ त्याच दिवशी फोडून सगळ्यांना वाटावं.

बांधाची वही कपाटात ठेवायची नाही. तिची शिवण मी उसवणार आहे. प्रत्येक पान ज्या घराचं त्या घराला. जे पनवेलला, मुंबईला, वरशाला गेले, त्यांच्या दारी समितीच्या सदस्यांनी स्वतः जाऊन द्यावं. टपालाने पाठवू नये. वाट्याखालची जमीन आज पाण्यात आहे म्हणून पान नाकारू देऊ नये. ज्या घरात कोणी उरलं नाही, त्याचं पान गावच्या शाळेत सातवीच्या वर्गाला.

तेव्हाच्या सरपंचांच्या घराचं पान त्यांना व्यासपीठावर सर्वांत आधी द्यावं. त्यावर त्यांच्या आजोबांचा अंगठा आहे, आजोबा होते तोवर एकही वर्ष न चुकता. ते त्यांनी नातवंडांना दाखवावं.

म्हात्र्यांच्या घराचं पान टीचर ठेवून घेतील, असं मला वाटलं होतं. "माझं पान समितीला," त्या म्हणाल्या. काचेच्या कपाटात तेवढं एकच पान ठेवायचं आहे. वर त्यांच्या वडिलांच्या सह्या आहेत, त्याखाली बऱ्याच कोऱ्या ओळी, आणि शेवटी त्या ग्रामसभेनंतर केलेली टीचरांच्या हातची नोंद : "खांड इथे पडली. या घराने माती घातली नव्हती." पान उघडं ठेवावं. त्याला हार घालू नये.