मागच्या दाराची चाबी

त्या दिवशी काही झालं नाही, हे आधीच सांगून टाकते. माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न लागलं, वऱ्हाडाला जेवण पुरलं, कोणाला साधं खरचटलंही नाही. तरी आर्णीच्या त्या मंगल कार्यालयाचा विषय निघाला की अजून माझ्या तळहातांना घाम सुटतो.

मी परदेशात फॅसिलिटी मॅनेजमेंट शिकते. ते नेमकं काय असतं हे आमच्या गावात कोणाला समजावून सांगणं मला आजवर जमलेलं नाही. इमारत बांधून झाली की ती चालवायची कशी, पाणी, वीज, लिफ्ट, साफसफाई कोण बघणार, आणि वेळ आलीच तर आतली माणसं बाहेर कशी काढायची, याचं शिक्षण. बाबांनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कपाशीत चाललेला बैलांचा डवरा थांबवून विचारलं होतं, "म्हंजे वॉचमनचं कॉलेज हाये का?" मला तेव्हा राग आला होता. आता वाटतं, फारसे चुकले नव्हते ते.

तिकडं गेल्यावर पहिल्याच आठवड्यात मी वसतिगृहाच्या सामाईक स्वयंपाकघरात ठेच्यासाठी मिरच्या भाजल्या आणि आख्ख्या इमारतीचा भोंगा वाजवला. पोरंपोरी होत्या त्या कपड्यांत बर्फात जाऊन उभ्या राहिल्या. मी मात्र आत पोळ्या लाटत होते. आपल्याकडं भोंगा वाजला म्हणून कोणी लाटणं खाली ठेवतं का? अग्निशमनवाली बाई आली, तिनं माझ्या दंडाला धरून मला बाहेर काढलं आणि आवाज न चढवता विचारलं, "दुसरं दार कुठं आहे, माहीत आहे तुला?" मला माहीत नव्हतं. वर्गातही पुढं तेच ऐकलं: ज्या दारानं आत आलात त्या दारानं बाहेर पडता येणार नाही असं धरून चाला. तेव्हापासून मी कुठंही गेले की आधी दुसरं दार शोधते. दवाखान्यात, बँकेत, देवळातसुद्धा. लोक परदेशातून काय काय शिकून येतात, मी भ्यायला शिकून आले.

बहिणीचं लग्न मे महिन्यात होतं, भर दुपारच्या मुहूर्तावर. आमच्याकडच्या मे महिन्यात माणसं सावलीतसुद्धा भाजतात, म्हणून बाबांनी हौसेनं एसी हॉल घेतला होता. खाली जेवणं, वर लग्न. गार हवा बाहेर जाऊ नये म्हणून वरच्या सगळ्या खिडक्या प्लायवूडनं ठोकून बंद केलेल्या आणि त्यावर गुलाबी झालरी सोडलेल्या. वर जायला एकच जिना. त्या जिन्याखाली जनरेटर आणि त्याला टेकून डिझेलची कॅन. मी पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि दोन्ही हात पसरून जिन्याची रुंदी मापली.

"कसा हाये हॉल?" बाबांनी विचारलं. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की मी "मस्त हाये बाबा" म्हणाले. खरं बोलायला जीभ रेटली नाही. आणि बोलले असते तरी काय झालं असतं? मोठी अजून बिनलग्नाची, धाकटीचं आधी होतंय. मंडपात उभं राहून मी आग, धूर असलं काही तोंडातून काढलं असतं तर अभद्र बोलली म्हणून सासरच्यांनी ते बहिणीच्या नावावर लिहिलं असतं, आणि आमच्याच बायकांनी पदराआडून म्हटलं असतं, जळते मेली. मला दोन्हींची सारखीच भीती वाटत होती.

दुसरं दार मला सापडलं. स्टेजच्या समोरच्या टोकाला, शेवटच्या खुर्च्यांच्या मागं. वर हिरव्या उजेडाची पाटी, 'बाहेर जाण्याचा मार्ग'. ती बघून मला कोणी घरचं भेटल्यासारखं बरं वाटलं. मग खाली बघितलं तर कडीला पितळी कुलूप.

मॅनेजर म्हणाला, "चाबी तुमच्याच पोरीनं नेली, मॅडम." पोरगी म्हणजे माझी मावसबहीण, यवतमाळला कॉलेजात शिकते. नवरदेवाचे जोडे पळवायचं काम तिच्याकडं होतं. आमच्याकडं हे फार मनावर घेतात. नवरदेव सकाळी पूजेला बसताना जोडे काढतो, ते नवरीच्या बहिणी लपवतात, आणि त्याच्याकडचे पोट्टे ते हुडकायला कार्यालय पालथं घालतात. त्यांना सापडले तर मुलीकडच्यांची नाचक्की, पुढं प्रत्येक सणाला ऐकून घ्यावं लागतं. मावसबहिणीनं जोडे त्या दारामागं ठेवून वर कुलूप ठोकलं होतं, आणि चाबी ब्लाउजमध्ये.

"दे ती चाबी," मी म्हणाले.

"कायले?"

"दार उघडं पाह्यजे. काही झालं तं लोकं कुठून जातीन?"

"काय होते ताई? तू तं आल्यापासून भेऊनच राह्यली. त्या पोट्ट्यायनं तुले फितवलं तं नाई?"

मी तिच्या हाताला धरलं. जरा जोरातच धरलं असावं, कारण तिचं हसू थांबलं. खाली वाजंत्री वाजायला लागली होती, लोक जिन्यानं वर येत होते. खुर्च्या भरल्या, मग मधली वाट भरली, मग भिंतीला टेकून माणसं उभी राहिली. आमच्या गावचे, फुलसावंगीहून आलेले मुलाकडचे पाव्हणे, कडेवर पोरं घेतलेल्या बायका. मला माणसं दिसतच नव्हती. एका जिन्यातून एका वेळी किती उतरतील एवढंच दिसत होतं. मावसबहिणीनं शेवटी चाबी काढली, पण जोड्यांवर पहारा हवा म्हणून माझ्या मागं मागं आली.

मी कुलूप काढून दार ढकललं. बाहेरच्या उन्हानं डोळे दिपले. पायाशी वीतभर रुंदीचा सिमेंटचा काठ, त्यावर नवरदेवाचे सोनेरी जोडे नीट जोडून ठेवलेले. त्याच्यापुढं काहीच नव्हतं. जिना नव्हताच. खाली, फार खाली, सळया बाहेर आलेलं अर्धवट बांधकाम आणि फुटक्या फरशांचा ढीग.

"जिना बसवाचा हाये म्हन्ते अजून," मावसबहीण माझ्या खांद्यावरून डोकावत म्हणाली. तिच्या आवाजात अभिमान होता. "म्हणून तं अथी ठेवले. खालून कोणी चढूच शकत नाई."

चौकटीला धरून मी मागं सरले, दार ओढलं आणि कुलूप लावलं. होय, मीच. दोन वर्षं जे उघडं ठेवायला शिकले ते मी माझ्या हातानं बंद केलं, आणि कुलूप दोनदा ओढून पाहिलं. पण पाटी वर होतीच. धूर झाला की माणसं उजेडाकडं धावतात, हे मला पाठ होतं. पाटीपर्यंत माझा हात पोचत नव्हता, आणि तिला बॅटरी असल्यामुळं ती बंदही होणार नव्हती. म्हणजे काही झालंच तर हा सगळा हॉल याच दारावर येऊन आदळणार, आणि ते पातळ दार किती वेळ टिकणार?

"ताई, चाल. तुले करा धराचा हाये ना?" मावसबहीण म्हणाली. करवलीनं भरलेला करा घेऊन नवरीच्या मागं उभं राहायचं असतं, आणि आमच्या घरात ती करवली मी होते.

"तू धर," मी म्हणाले.

"नवरी तुले इचारन ना."

"धर म्हटलं ना तुले."

ती गेली. मी दाराला पाठ लावून उभी राहिले. अंतरपाट धरला गेला, मंगलाष्टकं सुरू झाली. बहिणीनं मान किंचित वळवून मागं बघितलं. करा धरलेली मावसबहीण दिसल्यावर तिची नजर हॉलभर फिरली आणि शेवटच्या भिंतीपाशी माझ्यावर येऊन थांबली. तिला काय वाटलं ते मला इतक्या लांबूनही कळलं. मी हसायचा प्रयत्न केला. तिनं मान वळवून घेतली. मला रडू आलं, पण तिथून हलायची हिंमत झाली नाही.

तिसरं कडवं चालू असताना लाइन गेली.

खिडक्या ठोकलेल्या, त्यामुळं भर दुपारी हॉलमध्ये काळोख झाला. लोक हसले, कोणी शिट्टी मारली, भटजींनी सूर सोडला नाही. मग जिन्याखालचा जनरेटर घरघरला, थांबला, परत घरघरला, आणि धुराचा वास वर आला. तो जनरेटरचा नेहमीचा धूर होता की दुसरा कसला, मला सांगता आलं नसतं. एकानं जरी "आग" म्हटलं असतं तरी पुरे होतं.

अंधारात कोणीतरी माझ्या दिशेनं येत होतं. जवळ आल्यावर पाटीच्या हिरव्या उजेडात दिसलं, एक म्हातारी, मुलाकडची, पदरानं वारा घेत आलेली. तिच्यामागं आणखी दोन-तीन बायका.

"पोरी, दार उघड वं. जीव घाबरून राह्यला माहा."

मी चाबी मुठीत आवळली. "इकडं दार नाई आजी."

तिनं वर पाटीकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. मी नवरीची बहीण, अंगावर पैठणी, कपाळाला कुंकू. तिनं विश्वास ठेवला.

"तिकडं दार नाई म्हन्ते पोरगी," ती मागच्या बाईला म्हणाली. त्या बाईनं ते तिच्या मागच्या बाईला सांगितलं, आणि अंधारात ते रांगेरांगेनं पुढं जात राहिलं.