एकमताने मंजूर

सरकारवर इतका अविश्वास आणि सरकारी नियमांचा इतका अभ्यास एकाच माणसात असलेला मी दुसरा पाहिलेला नाही. आयर्लंडमध्ये नास शहराच्या पुढे एका लहान गावात आमची दारं समोरासमोर आहेत, म्हणून आमच्या घरात त्यांना ‘समोरचे’ म्हणतात. मूळचे नागपूरचे, नोकरीने सॉफ्टवेअर इंजिनिअर आणि बाकी वेळात सात सदस्यांच्या एका राजकीय पक्षाचे संस्थापक. सरकारने माणसाच्या आयुष्यात कमीत कमी लुडबुड करावी, हे या पक्षाचं एकमेव धोरण. पक्षाची नोंदणी झालेली नाही, कारण ती सरकारकडे करावी लागते. नाव ठरलेलं नाही, कारण बहुमत हीसुद्धा जबरदस्तीच, म्हणून ठराव सातही जणांच्या संमतीनेच मंजूर करायचा असा नियम आहे. तीन वर्षांत एकही ठराव मंजूर झाला नव्हता. समोरचे हे अभिमानाने सांगत. “इतकं कमी नुकसान करणारा दुसरा पक्ष दाखवा!”

कोणाला काही करायला सांगायचं नाही, हे तत्त्व ते घरातही पाळतात. दिवाळीला फराळाला बोलावताना त्यांनी वेळ दिली नाही. “वाटलं तर या, वाटेल तेव्हा या,” असा निरोप. पहिलं कुटुंब सकाळी दहाला आलं, शेवटचं संध्याकाळी सातला. वहिनी दिवसभर गॅससमोर. “काहून बाप्पा, तुमच्या स्वातंत्र्यात पुऱ्या मीच तळायच्या का?” त्यावर समोरचे अगदी मनापासून म्हणाले, “तळल्याच पाहिजेत असं नाही.” त्यानंतर दोन दिवस स्वयंपाक त्यांनी केला. परिसरातल्या मराठी कुटुंबांचा व्हॉट्सॲप ग्रुप त्यांनीच काढला आणि त्यात प्रत्येकाला ॲडमिन केलं. पुढे गणपतीच्या जेवणावरून वाद झाला, लोकांनी एकमेकांना काढून टाकलं आणि शेवटी ग्रुपमध्ये समोरचे एकटेच उरले. आठवडाभर ते त्यात आपली मतं टाकत राहिले. चर्चेचा दर्जा सुधारला, असं त्यांचं निरीक्षण होतं.

तरीही गावात कोणाचं इथे राहण्याचं परमिट संपत आलं, लायसन्स बदलायचं असलं की माणूस त्यांच्याच दारात. विरोध करायचा म्हणून त्यांनी सगळे नियम वाचलेले. माझ्या परमिटचा अर्ज त्यांनी पाऊण तासात भरून दिला आणि तेवढ्या वेळात परमिट ही कल्पनाच कशी चुकीची आहे, हेही सांगून झालं.

शाळेसमोर मुलांना रस्ता ओलांडून देणाऱ्या, काउन्सिलच्या म्हणजे इथल्या जिल्हा परिषदेच्या बाई सप्टेंबरमध्ये निवृत्त झाल्या. इकडे त्यांना लॉलीपॉप लेडी म्हणतात, हातात ‘थांबा’ लिहिलेली गोल पाटी असते म्हणून. रस्ता ट्रकचा आणि वळणाचा. माझी मुलगी नऊ वर्षांची. मला डब्लिनजवळच्या चेरीवूडच्या ऑफिसला साडेसातला निघावं लागतं, नवरा दूर लेटरकेनीच्या हॉस्पिटलात, आठवड्यातून दोन दिवस घरी. नोकरी सोडावी लागणार, असं मी धरून चालले होते. समोरचे त्या वेळी घरून काम करत. ते म्हणाले, “काउन्सिल कशाला? मी उभा राहतो.”

त्यावर पक्षाची बैठक झाली. मी जुन्या वृत्तपत्री सवयीने कोपऱ्यात वही घेऊन बसले. पक्षात एक निवृत्त गुरांचे डॉक्टर आहेत, आयरिश आणि तत्त्वाला फार कडक.

“पाटी दाखवून गाडी थांबवायची? मग आपणच सरकार झालो की!”

“पाटी नुसती विनंती करेल,” समोरचे म्हणाले.

“विनंती लाल रंगात नको. लाल म्हणजे हुकूम.”

चार तासांनी पाटीवरचा मजकूर ठरला. ठराव नव्हे, नुसती समजूत. पिवळ्या पाटीवर इंग्रजीत तीन ओळी: ‘मुलं रस्ता ओलांडत आहेत. आपल्याला योग्य वाटलं, तर थांबावं. आभार.’ ती वाचायला प्रत्येक गाडीला थांबावंच लागे. एकदा गार्डची, म्हणजे इथल्या पोलिसाची गाडीही थांबली. “या पाटीला कायद्याचं बळ नाही, माहीत आहे ना?” पोलिसाने विचारलं. “तीच तिची खासियत आहे,” समोरचे म्हणाले. पोलिसाने पाटी पुन्हा वाचली, “ग्रँड,” म्हणजे इकडच्या बोलीत ‘ठीक आहे’, म्हणाला आणि गेला. मार्चपर्यंत पावसात, गारठ्यात समोरचे एक सकाळ चुकले नाहीत.

मार्चमध्ये त्यांच्या कंपनीने सगळ्यांना ऑफिसात बोलावलं. पक्षाच्या बाकीच्या सहा जणांनी काम वाटून घेतलं, अर्थात कोणावर बंधन न घालता. ‘ज्याला जमेल तो येईल,’ असं ठरलं. एका मंगळवारी कोणालाच जमलं नाही. दुसरा येईल, असं प्रत्येकाला वाटलं होतं. माझी मुलगी एकटी रस्त्यावर उतरली आणि ट्रक तिच्यापासून हातभर अंतरावर थांबला. संध्याकाळी तिने हे मला समोरच्यांच्या देखत सांगितलं. “इट्स ग्रँड, आई. ही स्टॉप्ड.”

समोरचे उठले. हातातला चहा तसाच ठेवून घरी गेले. ते उभे राहत होते म्हणून आजवर शाळेने काउन्सिलकडे माणूस मागितला नव्हता. आता त्यांनी स्वतः अर्ज लिहिला, नियम, कलमं, रस्त्याच्या मापांसकट. शाळेची आणि पालकांची सही घेऊन दुसऱ्या दिवशी तो दिला.

स्थानिक निवडणूक तोंडावर होती आणि समोरचे, ठरावाशिवाय नुसत्या समजुतीने, पक्षाचे पहिले उमेदवार होते. इथे या निवडणुकीत परदेशी रहिवाशालाही उभं राहता येतं, मतही देता येतं. पुन्हा बैठक झाली. “आपला उमेदवार सरकारकडे पगारी माणूस मागतो,” डॉक्टर म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, खंत होती. उमेदवाराला दिलेला पाठिंबा काढावा, असा ठराव त्यांनी मांडला. सहा हात वर झाले. समोरच्यांनी नुसतं बसून राहायचं होतं, ठराव आपोआप पडला असता.

त्यांनी हात वर केला.

“अरे, काय करतोस तू?” डॉक्टरच दचकले.

“तुम्हाला नको असताना मी तुम्हाला माझ्यामागे बांधून ठेवू?” समोरचे म्हणाले. पक्षाच्या इतिहासात मंजूर झालेला हा पहिला ठराव.

ईस्टरनंतर नव्या बाई शाळेसमोर आल्या. मुलगी रोज त्यांच्याबरोबर रस्ता ओलांडते आणि माझी नोकरी टिकली. समोरचे एकटेच प्रचाराला हिंडले. आमच्या दारातही आले, पण मत मागितलं नाही. एवढंच विचारलं, “तत्त्वाच्या हिशेबानं मी चुकलोच ना हो?” मी म्हटलं, “तत्त्वाच्या हिशेबानं, हो.” त्यांना बरं वाटलं असावं, कारण मग ते चहाला थांबले.

मतपत्रिकेवर इथे उमेदवारांना पसंतीचे आकडे द्यायचे असतात. समोरचे पहिल्याच फेरीत बाद झाले आणि त्यांची मतं नियमाप्रमाणे दुसऱ्या उमेदवारांकडे गेली. आपण कोणाला मत दिलं हे बातमीदाराने सांगू नये, असं मला शिकवलं गेलं आणि इतकी वर्षं मी ते पाळलं. समोरच्यांचं एकही राजकीय मत मला पटत नाही. मतदानाच्या खोलीत मी त्यांच्या नावापुढे एक लिहिला आणि पुढचे चौकोन रिकामे ठेवले, म्हणजे ते मत दुसऱ्या कोणाकडे जाणार नाही. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. ते विचारणार नाहीत.